सहावी कळी

माझ्या मुलीला कॉर्डरॉयचा स्कर्ट हवा होता. अकरावीत गेल्यापासून तिला अमुकच कापड, अमुकच रंग, अमुकच लांबी असं काय काय सुचायला लागलं होतं. मोबाइलवर तिनं मला फोटो दाखवला. गुडघ्याखाली चार बोटं येणारा, खाली बेताचा घेर, पुढे दोन खिसे. अगदी रोज घालायचा साधा स्कर्ट. तयार मिळतो की बाजारात, मी म्हटलं. पण पोरगी ताडमाड उंच आणि अंगानं काडी. उंचीला बसेल तो कमरेत राहत नाही आणि कमरेत बसेल तो गुडघ्याच्या वर जातो. “आजी शिवून देईल,” ती म्हणाली आणि विषय संपला. आमच्या घरात आजीचं नाव निघालं की पुढे कोणी बोलत नाही.

मी बोलायला हवं होतं. आईचे डोळे अधू होत चालले आहेत, हे मला माहीत होतं.

आई पांढुर्ण्याला एकटी राहते, मी सौंसरला. मध्ये बसचा तासाभराचा रस्ता. बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली, पण आईनं घरही सोडलं नाही आणि शिलाई मशीनही. चाळीस वर्षं ती बायकांचे कपडे शिवते आहे. पार तिगावहून बायका तिच्याकडे ब्लाउज टाकायला यायच्या आणि माप द्यायच्या निमित्तानं सासूची गाऱ्हाणी सांगून जायच्या. आई तोंडात टाचण्या धरून ऐकायची, त्यामुळे तिला उत्तर द्यावं लागत नसे.

दोन वर्षांपासून ती म्हणत होती, अंधुक दिसतं. गल्लीनं मिळून निदान केलं: मोतीबिंदू. हे निदान करायला आमच्याकडे डॉक्टर लागत नाही. आणि मोतीबिंदू म्हटला की तो पिकायची वाट बघायची. आमचा मुलूख संत्र्याचा. फळ पिकल्याशिवाय तोडायचं नाही हे सगळ्यांना ठाऊक, तसंच मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढायचा नाही हेही सगळ्यांना ठाऊक. बरं, पिकला तरी तो उन्हाळ्यात काढायचा नाही, पावसाळ्यात तर नाहीच नाही. थंडीच हवी. पहिल्या थंडीत आई म्हणाली, अजून पिकला नाही. दुसऱ्या थंडीत लग्नांचे ब्लाउज निघाले. आता तिसरी थंडी येणार होती. दिवाळी झाली की नागपूरला जायचं, एवढं मी तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं.

कबूल करून घेतलं, कारण मला भीती वाटत होती. आईची आई रामाकोन्याला असायची. तिचाही मोतीबिंदू पिकायची वाट बघितली होती आणि मग लोक म्हणाले, पिकून गेला, आता उपयोग नाही. शेवटची अकरा वर्षं ती परसदाराच्या खोलीत खाटेवर बसून होती. आम्ही पोरं सुट्टीत गेलो की ती एकेकाच्या तोंडावरून हात फिरवून नाव सांगायची. आम्हाला तो खेळ वाटे. मी मुद्दाम भावाची टोपी घालून पुढे जायची. ती टोपीवरून हात खाली आणायची, नाकाशी थांबायची आणि हसून माझंच नाव घ्यायची. खेळ संपला की आम्ही अंगणात पळायचो आणि ती तिथेच बसलेली असायची. आईचं तसं होऊ नये, एवढंच मला हवं होतं. आणि आईला काय हवं होतं, तर मशीन चालू राहायला हवं होतं.

खुणा तशा बऱ्याच दिसल्या होत्या. मी शाळेत गणित शिकवते. दुसऱ्याच्या चुका शोधायचा हिला पगार मिळतो, असं माझे यजमान म्हणतात. पण घरच्या चुका काही मला सापडल्या नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

पोळ्याला आम्ही पांढुर्ण्याला गेलो. दुसऱ्या दिवशी गोटमार, नदीच्या दोन काठांवरच्या गावांनी झेंड्यासाठी एकमेकांवर गोटे मारायचा दिवस. दरवर्षीप्रमाणे दुपारपासून रस्ता ओस पडला, दारं लागली आणि आम्ही शेजारच्यांच्या गच्चीवर जाऊन उभ्या राहिलो. नदीत रोवलेला पळस, त्यावरचा झेंडा, दोन्ही काठांवर माणसांची काळी गर्दी. गोटे इतक्या लांबून दिसत नाहीत. नुसता गलका ऐकू येतो, आणि कोणाला लागलं की तो गलका एका बाजूला क्षणभर बसतो. मला लहानपणापासून तो थांबलेला आवाजच जास्त भिववतो. तेवढ्यात आरडाओरडा झाला, झेंडा हलला म्हणून. सगळ्या बायका कठड्याशी धावल्या.

“आई, दिसला का झेंडा?” मी विचारलं.

“हाव, दिसून राहिला ना,” आई म्हणाली.

ती पाण्याच्या टाकीकडे तोंड करून उभी होती. नदी तिच्या डाव्या हाताला होती. आईला रक्त बघवत नाही, म्हणून तिनं तोंड फिरवलं असणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. माझं उत्तर आधीच ठरलेलं असतं, रीत मी नंतर बसवते.

दुसरी खूण सुयांची. दोन वर्षांपासून मी गेले की आई माझ्यापुढे सुयांचं पाकीट आणि दोऱ्याची रिळं ठेवायची. “बसल्या बसल्या ओवून दे.” मी बारा-पंधरा सुया ओवून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या कडेला ओळीनं खोचून ठेवायची. डावीकडे पांढरा दोरा, मग काळा, मग लाल. ती क्रम सांगायची आणि दोनदा वदवून घ्यायची. रंग दिसत असता तर क्रम पाठ करायची काय गरज होती? पण मी तेव्हा वैतागून म्हणायची, “आई, तुझ्या सुया ओवायला मी चाळीस किलोमीटर येते का?” आणि ती हसायची.

दिवाळीनंतर आम्ही तिघी कापड घ्यायला गेलो. पांढुर्ण्याच्या बाजारात कॉर्डरॉय मिळेल असं मला वाटलं नव्हतं, पण दुकानदारानं दोन-तीन तागे काढले. मुलीला बारीक रेघांचं आवडलं होतं. हात लावला तर जवळजवळ मखमल. आईनं तो तागा बाजूला सारला. बोटं फिरवत फिरवत ती दुसऱ्या ताग्याशी थांबली. त्याच्या रेघा जाड होत्या, एकेक रेघ नखाला लागेल अशी.

“हे घे पोरी. हे टिकते.”

“आजी, हे जाड आहे.”

“थंडीतच घालशील ना? मंग जाडच पाहिजे.”

रंग मात्र मुलीनं निवडला, बाटलीसारखा गर्द हिरवा. घरी येताना आईनं तिला कॉर्डरॉयचं शास्त्र समजावलं. पिशवीतून कापडाचं टोक बाहेर काढून तिनं नातीचा हात त्यावर ठेवला. “वरून खाली फिरव. मऊ लागते ना? आता उलटा फिरव. अडते. याले लव असते. सहाही कळ्यांची लव एकाच अंगानं गेली पाहिजे. एक कळी जरी उलटी लागली तर ती येगळीच दिसते, उन्हात तर लगेच. म्हणून याले कापड जास्त लागते आन् म्हणून हे कोणी शिवत नाही.”

परकराला असतात तशा सहा कळ्या, वर निमुळत्या आणि खाली रुंद. आईचा हात त्यावर बसलेला. मी नागपूरचं काढलं तर म्हणाली, “हे पोरीचं होऊ दे. मंग जाऊ.”

आणि मी म्हटलं, बरं.

सहामाही परीक्षा होती, पेपर काढायचे होते, एवढं आठवतं.

दहाएक दिवसांनी पांढुर्ण्याला शिक्षकांची बैठक होती. ती लवकर आटोपली म्हणून मी न कळवता आईकडे गेले. दुपारचे दोन वाजले असतील. दार उघडंच होतं. मी चपला काढल्या आणि उंबऱ्याशीच थांबले.

आई जमिनीवर बसून कळ्या कापत होती. खोलीत भरपूर उजेड होता, तरी वरचा बल्ब जळत होता. हिरवं कापड तिच्या पुढ्यात पसरलेलं. त्यावर एकही खूण नव्हती. आई साबणाच्या चिपेनं आखल्याशिवाय कात्री लावत नाही. आमच्या घरात साबण अंगाला लावायला कमी आणि कापडाला जास्त लागायचा. आज साबण नव्हता, टेपसुद्धा गुंडाळून बाजूला ठेवलेला. तिचा डावा हात कापडावरून हळूहळू पुढे सरकत होता, एक बोट एका रेघेवर, आणि कात्री त्या बोटामागून येत होती. ती पुटपुटत होती. कान दिला तेव्हा कळलं. चार बोटं कापलं की एक रेघ सोडून पलीकडच्या रेघेवर जायचं, पुन्हा चार बोटं, पुन्हा एक रेघ. असं करत ती कळीचा उतार पाडत होती. आणि तिचं तोंड कापडाकडे नव्हतंच. मान ताठ, डोळे समोरच्या कोऱ्या भिंतीवर.

मी तिच्यापासून चार हातांवर, डाव्या बाजूला उभी होते. माझी साडी पिवळी होती. ती एक कळी कापून झाली, दुसरी निम्मी झाली. मी हललेही नाही. रामाकोन्याची ती खोली, ती खाट, नाकाशी थांबणारा हात, सगळं एकदम समोर आलं आणि मला तिथून पळून जावंसं वाटलं. खरंच वाटलं. मग माझ्या बांगड्या वाजल्या.

“कोण आहे?” आईनं कात्री छातीशी धरली.

“मी गं, आई.”

“केव्हा आली माय?”

“आत्ताच.”

ती सावरून बसली आणि लगेच कापडाकडे बघायला लागली, जशा बायका कोणी आलं की पदर सारखा करतात. बाजूला एक चॉकलेटी कळी पडली होती. मी उचलली. बाबांचं जाकीट शिवलं होतं त्यातलं उरलेलं कापड, तेही जाड रेघांचं कॉर्डरॉयच. पेटीतून काढलं होतं.

“ही कशाला?”

“आधी जुन्यावर हात बसवून पाह्यला. पोरीचं नवं कापड बिघडलं असतं मंग?”

मी ती कळी हिरव्या कळ्यांशेजारी ठेवली. चहा केला. आईनं कप घेतला तो चाचपून. काल रात्री झोप कशी लागली, शेजारच्यांची सून माहेराहून आली का, असल्या गोष्टी आम्ही बोललो आणि चारच्या बसनं मी परत आले. बसमध्ये मला सगळं समजलेलं होतं. बोललं की ते खरं होईल असं वाटत होतं. बेचाळीस वर्षांची बाई, दोन पदव्या, आणि डोक्यात हे.

स्कर्ट डिसेंबरात झाला. रविवारी आम्ही मायलेकी गेलो. आईनं तो घडी करून, वर जुना टॉवेल गुंडाळून ठेवला होता. कॉर्डरॉयला सरळ इस्त्री चालत नाही, लव दबते. उलट बाजूनं, खाली टॉवेल घेऊन करावी लागते. तिनं तशी केली होती. मुलगी आतल्या खोलीत जाऊन घालून आली आणि आईसमोर उभी राहिली.

पाच कळ्या हिरव्या होत्या. सहावी, डाव्या मांडीवरची, चॉकलेटी.

मुलीनं ते आत आरशात बघितलं असणारच. माझ्याशी मिठावरून भांडणारी ही पोरगी आजीसमोर स्कर्टचे दोन्ही खिसे धरून गप उभी होती.

“फिर बरं,” आई म्हणाली. मुलगी फिरली. आईनं पुढे होऊन घेर धरला, शिवण बोटांनी तपासली, कमरेची पट्टी ओढून बघितली. “रंग खुलून दिसते ना?”

“हो आजी,” मुलगी म्हणाली. “एकदम मस्त.”

इथे थांबायला हवं होतं. पण माझा स्वभाव चुकीखाली लाल रेघ ओढण्याचा. शिवाय इतके दिवस दाबून धरलेली भीती अशी काही उसळून आली की ती रागासारखीच बाहेर पडली. मी आईचा हात धरला आणि पुढच्या कळीवर ठेवला.

“आई, हा रंग कोणता?”

“हिरवा. काहून?”

मी तिचा हात वीतभर बाजूला नेला. “आणि हा?”

“आई, नको ना,” मुलगी म्हणाली.

“हिरवाच,” आई म्हणाली, पण तिचा आवाज खाली आला होता.

“ही चॉकलेटी आहे, आई. बाबांच्या जाकिटाची आहे.”

आईनं हात काढून घेतला नाही. त्या कळीवर तो तसाच राहिला, लव वरून खाली, वरून खाली. मग ती उठली, मशीनखालच्या टोपलीत हात घातला आणि तळाशी गेलेली हिरवी कळी बरोबर बाहेर काढली. “ही राहून गेली. उतरव पोरी, उसवून लावून देतो मी.”

“कशी लावशील?” मी विचारलं. “आई, तुला काय काय दिसतं, खरं सांग.”

ती खाटेवर बसली. बाहेर कोणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली.

“आधी बाजूचं गेलं,” ती म्हणाली. “मले वाटे, पदर आडवा आला. मंग खालचं गेलं. आता समोर एवढंसं दिसते, नळीतून पाह्यल्यावाणी. ते बी धुरकट. दोन वर्षं झाले.”

“दोन वर्षं! आणि तू सांगितलं नाहीस?”

“सांगून काय करू? माझ्या मायचे डोळे गेले तवा कोणी तिले वाटी बी उचलू देल्ली नाही. सांडशील, पडशील, बस तिथी. अकरा वर्षं बसली ते. तिले सगळं येत होतं, बापा. भाकर थापता येत होती, वाती वळता येत होत्या. पण कोणी करूच देल्लं नाही. म्हणून म्हटलं, पाहून घेऊ हातानं होते का. जाड रेघंचं कापड होतं म्हणून कापता आलं. लव चुकली का, सांग. एक टाका वाकडा हाये का?”

मी शिवण बघितली. एकही टाका वाकडा नव्हता. लव सहाही कळ्यांची एकाच अंगानं होती, चॉकलेटीचीसुद्धा.

“रंग तेवढा हाताले लागत नाही,” आई म्हणाली.

मुलीनं स्कर्ट उतरवला नाही. असाच राहू दे, म्हणाली. आई रागावली, लोक हसतील म्हणाली. मुलगी तोच घालून आमच्याबरोबर बसमध्ये बसली, कारण मी आईला त्याच दिवशी उचलून सौंसरला आणलं. दुसऱ्या दिवशी शाळेत रजेचा अर्ज देऊन आम्ही नागपूर गाठलं.

डॉक्टर तरुण होता आणि फार कमी बोलत होता. आईला त्यानं एका पांढऱ्या भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालून बसवलं. समोर बघायचं, आत कुठेही उजेडाचा ठिपका दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे उभी होते. यंत्र टिकटिकत होतं, ठिपके येत असणार. बटण वाजत नव्हतं. बऱ्याच वेळानं एकदा वाजलं. आई मध्येच म्हणाली, “चालू केलं का, डॉक्टरसाहेब?”

“चालू आहे, आजी,” तो म्हणाला.

मी भिंतीवरच्या डोळ्याच्या चित्राकडे बघत राहिले.

मोतीबिंदू नव्हताच. काचबिंदू होता. हा पिकत नाही, डॉक्टरनं सांगितलं, याची वाट बघायची नसते. डोळ्यातला दाब आतली नस हळूहळू मारत जातो, दुखत नाही, म्हणून कळत नाही. गेलेली नजर परत येणार नाही. उरली आहे ती थेंब घालून राखायची, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर पुष्कळ वाचली असती. हे त्यानं आईकडे नाही, माझ्याकडे बघून सांगितलं. मला वाटलं होतं मी रडेन, पण मी त्याला थेंबांच्या वेळा विचारत होते.

मग त्यानं विचारलं, घरात आणखी कोणाला होतं का. मी रामाकोन्याच्या आजीचं सांगितलं.

“म्हणजे आजी, आई. तुमचं वय किती?”

मी सांगितलं.

“तुम्हीही तपासून घ्या. आजच घ्या. हे घराण्यात उतरतं.”

चार वाजत आले होते. आई दमली होती, परतीची बस चुकली असती. पुढच्या वेळी आईला दाखवायला येईन तेव्हा माझंही करू, असं मी म्हटलं. त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं आणि खाली दोनदा रेघ ओढली.

आई सौंसरला चार दिवस राहिली आणि पांढुर्ण्याला परत गेली. अडवून बघितलं, पण ती बधली नाही. शेजारची सून सकाळ-संध्याकाळ येऊन थेंब घालते. मशीन चालू आहे. आता ती उशांचे अभ्रे शिवते, सरळ शिवणीचे, आणि रंग कोणता ते आधी विचारून घेते. मी रोज फोन करते. रोज ती मला एकच विचारते.

“तू दाखवून आली का?”

“वार्षिक परीक्षा होऊ दे, आई. पेपर तपासून झाले की लगेच.”

एकदा ती म्हणाली, “पिकू दे म्हण ना सरळ.”

मी हसले. फोन ठेवल्यावर हसू राहिलं नाही.

कारण त्या दिवसांत बारीकसारीक काहीतरी घडत होतं. वर्गात डाव्या रांगेतली पोरं तक्रार करायला लागली होती, मॅडम आमचा हात बघतच नाहीत. सौंसरबाहेर बोरगावजवळ मी स्कूटी वळवली तेव्हा एक मोटरसायकल डावीकडून अशी अचानक आली की चालवणारा शिव्या देत गेला; मी म्हटलं, आजकाल लोक कसेही चालवतात. दारूच्या दुकानाजवळचा रस्ता, पिऊन असेल. दोनदा दाराच्या चौकटीवर डावा खांदा आपटला. घाई, वय, झोप, सगळ्याला माझ्याकडे कारणं होती. मी कोणाला काही सांगितलं नाही. न सांगणं आमच्या घराण्यात उतरतं.

मार्चमध्ये एका दुपारी मी टेबलाशी उत्तरपत्रिका तपासत होते. खिडकी समोर, उजेड चांगला. लाल पेन चाललं होतं. पाठोपाठ तीन मुलांनी एकच चूक केली होती म्हणून मी मनातल्या मनात करवादत होते.

“आई.”

मी इतकी दचकले की पेनची रेघ पानभर गेली. आवाज अगदी कानाशी होता.

“अगं, केव्हा आलीस?”

मुलीनं माझा डावा हात उचलला आणि आपल्या अंगाशी नेला. बोटांखाली जाड रेघा लागल्या. “मान वळवू नको,” ती म्हणाली. “समोर बघ. कोणती कळी आहे?”

मी समोर बघितलं. खिडकीतून शेजारच्यांची गच्ची दिसत होती, तारेवर टाकलेली चादर दिसत होती. हात मी वरून खाली फिरवला. मऊ लागलं. डाव्या बाजूला, जिथे ती होती, तिथे मला काहीच नव्हतं. काळोखही नव्हता. नुसतं काही नव्हतं.

“हिरवी,” मी म्हणाले.

मग मान वळवली. माझा हात चॉकलेटी कळीवर होता.

मान न वळवता बाजूचा रंग कोणालाच नीट ओळखता येत नाही, हे शास्त्र मी तिला सांगायला लागले. वाक्य निम्मं झालं असेल.

“आई,” ती म्हणाली. तिचे डोळे भरलेले होते. “मी केव्हाची इथंच उभी आहे. तुझ्याजवळ हात हलवून राहिली होती.”

मी पेनला टोपण लावलं. उत्तरपत्रिका अजून निम्म्या राहिल्या होत्या, त्या तशाच बांधून ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नागपूरची बस धरली. खिडकीची जागा तिनं मला दिली नाही. स्कर्ट सारखा करून ती माझ्या डाव्या बाजूला बसली.